आगीत न पडणारा होम

माहीमला लेडी जमशेदजी रोडवर राहणाऱ्या माणसावर रस्त्याचं पूर्ण नाव घ्यायची वेळ फक्त पत्ता लिहिताना येते. एरवी सगळे 'एल. जे. रोड' म्हणून मोकळे होतात. ही लेडी म्हणजे सर जमशेदजी जीजीभाईंची पत्नी अवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडायला कॉजवे हवा होता आणि सरकारचा हात काही खिशात जात नव्हता. तेव्हा या बाईंनी 1,57,000 रुपये दिले आणि 1845 मध्ये कॉजवे वाहता झाला. आता रस्त्याच्या पोटातून मेट्रो धावते, पण नाव तेच आहे.

जमशेद हे नाव किती जुनं आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आणि कळलं ते एका काडीपासून सुरुवात होऊन.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक पारशी आजोबा राहत. घराणं मोबेदांचं, म्हणजे धर्मगुरूंचं. ते स्वतः नोकरी करून निवृत्त झालेले, पण भाऊ अग्यारीत. एकदा आमच्या मजल्यावर कुणाकडे तरी वास्तुशांत होती. दार उघडं, जिन्यात धूर, गुरुजींचं 'स्वाहा' खालपर्यंत ऐकू येत होतं. आजोबा जिन्यात उभे राहून बघत होते. मला म्हणाले, "दिकरा, होम आमच्यात पन असते. पन आमचा होम आगीत नाय टाकत. कुटते आनि पिते."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी बोलावलं आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून एक काडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "अजून धुतलेली नाय, म्हनून तुला दाखवते." खराट्याच्या हिराएवढी जाड, वाळून पिवळट हिरवी झालेली काडी. पान एकही नाही. बोटाच्या पेरापेराने गाठी, आणि गाठीवर वाकवली की कट्‌कन मोडणारी. आत तपकिरी भुगा. जिभेला लावली तर तुरट, मग कडू. इराणातून आलेली होती. तिचं नाव होम.

सूनावाला अग्यारी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आत बिगरपारशाला प्रवेश नाही, त्यामुळे आतलं जे काही इथे लिहितोय ते पारशांनीच लिहून ठेवलेलं वाचून. प्रत्येक अग्यारीत रोज हा विधी होतो असंही नाही. पण होतो तेव्हा तो असा होतो: इजश्ने नावाच्या मोठ्या विधीच्या तयारीत धर्मगुरू होमाच्या तीन काड्या आणि डाळिंबाची एक काडी पाण्याबरोबर धातूच्या खलात कुटतो. बत्ता खलाच्या कडेला आपटून घंटेसारखा नाद काढतो. रस नऊ भोकांच्या तबकडीतून गाळतो. इराणातून आलेल्या काड्या आल्या आल्या वापरत नाहीत. त्या धुवून, मंत्र म्हणून साधारण वर्षभर बाजूला ठेवतात आणि पुन्हा शुद्ध करून मगच विधीला घेतात. रस धर्मगुरू पितो, उरलेला अग्यारीच्या विहिरीत जातो. आगीत थेंबही नाही. आजोबा थट्टा करत नव्हते.

'इजश्ने' म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातला, अवेस्तातला 'यस्न', म्हणजे आपला 'यज्ञ'. हे कुणालाही पटकन दिसतं. म्हणून 'होम' म्हणजे आपला 'होम' हेही तितकंच उघड वाटतं, आणि तिथेच पाय घसरतो. हे दोन शब्द दिसायला जुळे आहेत, रक्ताचं नातं काहीही नाही.

आपला होम 'हु' धातूचा. हु म्हणजे ओतणं, आहुती देणं. त्यातूनच होता, हवन, हविष्य. हा 'ह' इराणी भाषांत 'ज़' होऊन बसला. वेदातला 'होतृ' अवेस्तात 'ज़ओतर' आहे आणि आजही इजश्ने करणाऱ्या मुख्य धर्मगुरूला पारशी 'जोती' म्हणतात. विधीच्या पवित्र पाण्याला ते 'जोर' म्हणतात. तो अवेस्तातला 'ज़ओथ्र', म्हणजे आपलं 'होत्र'. तेव्हा आपल्या होमाचा पारशी भाऊ शोधायचा तर तो जोतीत आणि जोरात सापडतो.

मग पारशांचा होम कुणाचा? तो आपल्या सोमाचा सख्खा भाऊ. अवेस्तात 'हओम', प्राचीन पर्शियनमध्ये 'हौम', मध्य पर्शियन आणि फारसीत 'होम'. इराणी भाषांचा एक जुना खोडसाळपणा आहे: स्वराआधीचा 'स' त्या 'ह' करून टाकतात. सिंधूचा हिंदू झाला तो असाच. असुराचा अहुर झाला. सरस्वतीची हरह्वैती झाली. पण एवढ्या लांब जायला नको, मुंबईच्या रस्त्यावरच पुरावा आहे. विठ्ठलाच्या देवळात सात दिवस चालतो तो सप्ताह. आणि सात दिवसांनी वसूल होतो तो हप्ता. एक शब्द संस्कृतातून सरळ आला, दुसरा इराण फिरून आला, पण दोन्ही मुळात सातच. सहस्र आणि हजार, मास आणि महिना, यांचंही तसंच. (माहीमचा मात्र महिन्यातल्या फारसी 'माह'शी संबंध जोडू नये. राजवाड्यांनी 1924 साली छापलेल्या बखरीतली महिकावती आपल्याला पुरेशी आहे.)

सारांश, एका होमाच्या 'ह'चा बाप 'स', दुसऱ्याच्या 'ह'चा भाऊ 'ज़'. शाळेत भाषाशास्त्र असं शिकवलं असतं तर आमच्यातली निम्मी पोरं खिडकीबाहेर बघत बसली नसती.

आता जमशेदकडे. अवेस्तात यस्नाचे 9 ते 11 हे अध्याय 'होम यश्त' म्हणून ओळखले जातात. सुरुवात एखाद्या कथेसारखी आहे. सकाळची वेळ. जरथुश्त्र अग्नीजवळचं झाडून पुसून गाथा म्हणत बसलेला आहे. समोर एक तेजस्वी पुरुष येऊन उभा राहतो. तू कोण, असं विचारल्यावर तो सांगतो की मी हओम. मला कूट, मला पी. मग जरथुश्त्र विचारतो की तुला पहिल्यांदा कुणी कुटलं आणि त्याला काय मिळालं. उत्तर येतं: पहिला वीवंघ्वंत, त्याला यिम नावाचा मुलगा झाला. दुसरा आथ्व्य, त्याला थ्रएतओन झाला. तिसरा थ्रित. चौथा पोउरुशस्प, आणि त्याचा मुलगा तूच, जरथुश्त्र.

ही यादी मराठी माणसाने मोठ्याने वाचावी. वीवंघ्वंत म्हणजे विवस्वत. यिम म्हणजे यम. आथ्व्य आणि थ्रित यांचे जोडीदार ऋग्वेदात आप्त्य आणि त्रित आहेत, आणि तिथलाही त्रित सोम कुटणाराच आहे. हे पुराण दोघांनी एकत्र असताना रचलेलं आणि वेगळे होताना वाटून घेतलेलं. फक्त वाटणीत स्वभाव बदलले. आपला यम मृत्यूचा राजा झाला. त्यांच्या यिमाच्या राज्यात मरणच नव्हतं, थंडी नाही, उकाडा नाही, बाप आणि मुलगा दोघेही पंधरा वर्षांचे दिसत. त्याला विशेषण लागलं 'क्षएत', तेजस्वी. यिम क्षएत म्हणता म्हणता झाला जमशेद. नवरोजला पारशी 'जमशेदी नवरोज' म्हणतात तो हाच.

म्हणजे एल. जे. रोडच्या पाटीवर ज्याचं नाव आहे तो पहिल्यांदा होम कुटणाऱ्या माणसाचा मुलगा. पाटी लावणाऱ्या नगरपालिकेला याची कल्पना असण्याचं कारण नाही.

नावाचा अर्थ काय? इथेच मला या सगळ्या प्रकरणातली खरी मौज वाटते. सोम हे वनस्पतीचं नाव नाहीच. संस्कृतात 'सु' असा एक धातू आहे, 'सुनोति' म्हणजे कुटून, दाबून रस काढतो. इराणीत तोच 'हु'. (हा 'हु' आपल्या आहुतीच्या 'हु'पासून पुन्हा वेगळा. काय करणार!) सोम म्हणजे 'जे कुटून काढलं ते'. तुळस, वड, बेल ही झाडांची नावं आहेत. सोम हे तसं नाव नाही. ते कृतीचं नाव आहे. उसाच्या रसाला नुसतं 'रस' म्हणावं आणि पुढे शंभर पिढ्यांनी उसालाच 'रस' म्हणू लागावं, तसं झालं.

'सु'चं पिल्लू आपल्या घरात अजून आहे: आसव. द्राक्षासव, कुमारी आसव अशा बाटल्या आयुर्वेदिक दुकानात ओळीने उभ्या असतात. यज्ञातली 'सवनं'ही त्याच धातूची. सोम दिवसातून तीनदा कुटायचा, त्यातलं पहिलं प्रातःसवन. पारशांनी दिवसाचे पाच प्रहर, 'गाह', केले आहेत. त्यातला सूर्योदयापासून दुपारपर्यंतचा प्रहर 'हावन गाह', आणि इजश्ने त्याच प्रहरात करतात. हावन म्हणजे सवन. जरथुश्त्रासमोर हओम उभा राहिला तोही याच वेळेला.

ज्या खलात काड्या कुटायच्या त्यालाही अवेस्तात 'हावन'च म्हणतात. फारसीत खलबत्त्याला 'हावनदस्ता' असा शब्द झाला आणि हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा 'हमामदस्ता' किंवा 'इमामदस्ता' झाला. हकिमांच्या आणि अत्तारांच्या दुकानात हा शब्द अजून ऐकू येतो. त्यात हमामही नाही आणि इमामही नाही. हावन म्हणजे सवन आणि दस्ता म्हणजे मूठ. दस्त म्हणजे हात, संस्कृतातला हस्त, आपल्या जबरदस्तमधला आणि दस्तऐवजातला. वेलची कुटणाऱ्या त्या लोखंडी भांड्याच्या नावात सोमयागाचा अर्धा विधी पडून आहे. पर्सेपोलिसच्या खजिन्यात 1930 च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा हिरव्या दगडाचे खलबत्ते मिळाले, त्यांवर अरामी लिपीत मजकूर आणि त्यातही हा 'हावन' शब्द. ते होम कुटायचे की नुसते नजराणे होते, यावर पंडितांचं एकमत नाही. दारयवहूच्या, म्हणजे पहिल्या दारियसच्या, नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात मात्र शकांच्या एका टोळीचं नावच 'हौमवर्ग' असं कोरलेलं आहे. तो राजा ख्रिस्तपूर्व 522 ते 486 या काळातला. इतक्या लांब, गवताळ मैदानातल्या घोडेस्वारांना शेजारी त्यांच्या होमावरून ओळखत होते.

हे सगळं जुळवून पाहायची उत्तम सोय एकोणिसाव्या शतकात आपल्या मुंबई-पुण्याला होती, आणि ती वापरली एका जर्मन माणसाने. मार्टिन हाउग 1859 मध्ये पुणे कॉलेजातल्या संस्कृतच्या अभ्यासावर देखरेखीसाठी आले आणि 1866 पर्यंत राहिले. अवेस्ता आणि वेद दोन्हींचा अभ्यास असलेला माणूस. युरोपात बसून ज्या गोष्टी पोथीत वाचायच्या त्या इथे जिवंत. मुंबईला पारशी इजश्ने करतायत, दख्खनमध्ये श्रौती ब्राह्मण सोमयाग करतायत, मधे एक दिवसाचा प्रवास. पृथ्वीवर अशी दुसरी जागा नव्हती.

श्रौती ब्राह्मण परक्याला काही दाखवायला तयार नसत. हाउग चिकाटीचे. बऱ्याच खटपटीनंतर, पैसे मोजून, त्यांना एक जण मिळाला. आणि मग हाउगच्या आवारातल्या एका आडजागी दर्शपूर्णमास इष्टी आणि ज्योतिष्टोम हा सोमयाग यांतल्या मुख्य क्रिया पाच दिवस चालल्या, हाउग शेजारी बसून लिहून घेत होते. एकोणिसाव्या शतकातलं पुणं, आवारात गुपचूप चाललेला यज्ञ आणि वही घेऊन बसलेले साहेब! त्या ब्राह्मणाला नंतर काय काय ऐकावं लागलं असेल, ते मला जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. पण ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

हाउगनी सोम चाखलाही. एकदा नाही, बऱ्याचदा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर उगवणारं झुडूप, चार-पाच फूट उंचीचं, एकाच मुळातून फुटलेल्या कांड्या, पानं नाहीत, रस पांढरट. तुरट, कडू, पण आंबट नाही. थोडी गुंगी येते, पण पेय अत्यंत घाण, काही चमच्यांपलीकडे घशाखाली उतरेना, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. 1863 मध्ये मुंबईला छापलेल्या त्यांच्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीत हे सगळं आहे. त्याच्या आधीच्या वर्षी, 1862 मध्ये, त्यांचं पारशांच्या धर्मग्रंथांवरचं पुस्तकही मुंबईलाच निघालं होतं. इजश्ने आणि ज्योतिष्टोम हे एकाच विधीचे दोन वंशज आहेत, हे त्यांनी क्रिया शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं.

आणि ठेवल्यावर अडचण उघडी पडली. पुण्याच्या टेकडीवरची ती सोमवल्ली दुधाळ चिकाची, रुईच्या कुळातली. मुंबईच्या अग्यारीतली काडी चिकाची नाही, ती एफेड्राची. सूचिपर्णी झाडांची लांबची नातलग. दोन्ही बिनपानाच्या, दोन्ही कांड्यांच्या, एवढंच साम्य. नाव एक, विधी एक, झाडं दोन.

हाउग स्वतःच म्हणाले की दख्खनमध्ये वापरतात ती वेदातली मूळ वनस्पती नव्हे. हे आपल्या शास्त्रकारांनाही कधी लपलेलं नव्हतं. सोम मिळाला नाही तर काय वापरायचं, याची यादी शतपथ ब्राह्मणातच आहे आणि ती शेवटी दूर्वा आणि कुशावर येते. म्हणजे तेव्हाही टंचाई होतीच. सोमयागातच एक सोमक्रयाचा प्रसंग असतो. सोम विकणारा बाहेरचा माणूस, त्याच्याशी घासाघीस करायची, गाय हा भाव, सौदा पटला की माल घ्यायचा आणि विकणाऱ्याला हाकलून द्यायचं. नाट्य म्हणून आज ते मजेदार वाटतं, पण घासाघीस कुठून आली? ज्याचा माल दूरच्या डोंगरातून येतो आणि जो मागेल तो भाव द्यावा लागतो, अशा व्यापाऱ्याशी कधीतरी खरोखर व्यवहार झाल्याशिवाय असा विधी सुचत नाही. लोक पूर्वेला, दक्षिणेला सरकत गेले, डोंगर मागे राहिले, माल येईनासा झाला. नाव कृतीचं होतं म्हणून अडलं नाही. जे हाताशी होतं ते कुटलं, आणि कुटलं म्हणून तो सोम झाला.

पारशांनी उलट केलं. ते संजाणला उतरले, गुजराती बोलू लागले, साडी नेसू लागले, पण काडी बदलली नाही. डाळिंब इथलं घेतलं, पाणी इथल्या विहिरीचं घेतलं, होम मात्र इराणातूनच, व्यापाऱ्यांच्या हातून.

या काडीला युरोपात 1884 मध्ये अचानक भाव आला. लंडनच्या 'अकॅडमी' साप्ताहिकात माक्स म्युलर, क्यू उद्यानाचे थिसलटन-डायर आणि इतर विद्वान सोम म्हणजे काय यावर पत्रापत्री करू लागले. म्युलर 'हॉप्स'कडे, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीकडे झुकले. कुणी अफगाण द्राक्षांचं नाव घेतलं. जर्मनीतले रोठ म्हणत होते की जाऊन डोंगरात शोधा. योगायोग असा की त्याच वेळी रशिया आणि अफगाणिस्तानची हद्द ठरवायला इंग्रजांचं एक कमिशन निघालं होतं आणि त्यात जेम्स एचिसन नावाचे डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञ होते.

एचिसनना सोम कुटणारं तिथे कुणी भेटलं नाही. पण हेरातजवळ हरी रूद नदीच्या खोऱ्यात त्यांनी एफेड्राची झुडपं पाहिली आणि स्थानिक लोक त्यांना काय म्हणतात ते नेमकेपणाने टिपून घेतलं: हुम, हुमा, यहमा. 1888 मध्ये ते छापून आलं. ना तिथे अग्यारी, ना जोती, ना होम यश्त. माणसं कित्येक शतकं मुसलमान. त्यांच्या लेखी ते एक जळाऊ झुडूप. तरी नाव तेच. पश्तूतही याच झुडपाला 'ओमान' म्हणतात, 'ह' गळून पडलेला. इकडे मुंबईत डॉ. विल्यम डायमॉक औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध करत होते. पारशांच्या होमाची नोंद त्यांनी एफेड्राखालीच घातली.

आणि ती नदी! हरी रूदमधला 'हरी' आपला हरि नव्हे. प्राचीन पर्शियनमध्ये त्या प्रांताचं नाव हरइव, अवेस्तात हरोयु. आता तोंडाने 'ह'च्या जागी 'स' घालून पाहा: सरयू. अयोध्येची नाही, तिची थोरली बहीण. सरयूच्या काठी सोम उगवतो आणि लोक त्याला सोमच म्हणतात. फक्त 'स' म्हणता येत नाही म्हणून हरीच्या काठी हुम झाला आहे. एचिसनना हे जाणवलं होतं की नाही कोण जाणे.

मुंबईच्या पारशांमध्ये तोवर स्वतःचे अभ्यासक तयार झाले होते. खरशेदजी रुस्तमजी कामा (1831–1909) युरोपात जाऊन अवेस्ताचं आधुनिक भाषाशास्त्र शिकून आले आणि 1861 पासून त्यांनी इथल्या तरुण धर्मगुरूंना ते शिकवायला सुरुवात केली. परंपरेने पाठ असलेल्या मंत्रांचा व्याकरणाने अर्थ लावायचा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्या पुढच्या पिढीतले जीवनजी जमशेदजी मोदी (1854–1933), कुलाब्याच्या अग्यारीचे धर्मगुरू, पारशी पंचायतीचे सेक्रेटरी. त्यांनी 1904 साली मुंबईच्या मानववंशशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात अवेस्तातल्या हओमावर निबंध छापला आणि 1922 मध्ये पारशी विधींवरचं जाडजूड पुस्तक. खल किती, काड्या किती, बत्ता कुठे आपटायचा, हे मला कळलं ते अशा लोकांमुळे. दादरला, पारशी कॉलनीत, 1919 पासून धर्मगुरूंच्या मुलांसाठी शाळा आहे: दादर अथोर्नान इन्स्टिट्यूट. अथोर्नान म्हणजे अवेस्तातले आथ्रवन, म्हणजे अथर्वन्. अथर्ववेद माहीत असलेले किती दादरकर त्या पाटीखालून गेले असतील.

विसाव्या शतकात सोमावर लिहिणाऱ्यांची रांग लागली. अमेरिकन बँकर गॉर्डन वॉसन यांनी 1968 मध्ये तो लाल टोपीचा विषारी भूछत्र ठरवला. युरोपात खळबळ उडाली, पण भूछत्र दगडावर कुटायची गरज कुणाला आणि का पडावी, याचं उत्तर मला तरी मिळालं नाही. 1989 मध्ये फ्लॅटरी आणि श्वार्ट्झ यांनी हरमल पुढे आणली. इराणी लोक दृष्ट काढायला निखाऱ्यावर टाकतात ते 'इस्पंद' म्हणजे हेच बी, आणि इस्पंद म्हणजे मुळात 'स्पेंत', पवित्र. त्यांचा युक्तिवाद हुशारीचा आहे. एफेड्राने झिंग चढत नाही, म्हणून होम हे नाव त्याच्यावर नंतर चिकटलं असणार, असं ते म्हणतात. त्याच वर्षी हॅरी फाल्क यांनी उलट बाजू घेतली: सोमाने झिंग येते हेच मुळात कुणी सांगितलं? ऋग्वेदातले ऋषी सोम पिऊन रात्रभर जागतात, लढायला उभे राहतात. हे दारूचं लक्षण नाही. एफेड्रातलं एफेड्रिन जपानच्या नागाइ यांनी 1885 मध्ये वेगळं केलं, पुढे ते दम्यावर जगभर वापरलं गेलं. झोप उडवतं, छाती मोकळी करतं. पुण्याचे चिंतामण गणेश काशीकर, ज्यांचं आयुष्य श्रौत ग्रंथांत गेलं, त्यांनीही 1990 मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठाकडून काढलेल्या पुस्तकात एफेड्राच्याच बाजूने कौल दिला.

मधेच तुर्कमेनिस्तानातल्या उत्खननातून पुरातत्त्वज्ञ सारियानिदी यांनी सोम बनवायची भांडी, आत एफेड्राचे अवशेष, अशी घोषणा केली. पुढे इतरांनी नमुने तपासले तर एफेड्राचा पत्ता नाही, एका भरडधान्याचे ठसे मिळाले. मी त्या भांड्यांवर विसंबत नाही. मी विसंबतो हरी रूदच्या मेंढपाळांवर. विद्वानांना सिद्धान्त जपायचा असतो, मेंढपाळाला नाही. तीन-साडेतीन हजार वर्षं एकाच डोंगरात राहून एकाच झुडपाला एकच नाव देणाऱ्या माणसाची साक्ष मला पुरते.

पण एक खाच उरते. 'कुटलेलं' हे कृतीचं नाव असेल तर कुटण्याआधी त्या झुडपाला काय म्हणत? ऋग्वेदात सोमाच्या काडीला 'अंशु' म्हणतात, अवेस्तात तोच शब्द 'आंसु' असा आहे. डच भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुबोत्स्की यांचं म्हणणं असं की हा शब्द आर्यभाषांच्या घरचा नाहीच. मध्य आशियात आधीपासून राहणाऱ्या, शेती करणाऱ्या, विटांची नगरं बांधणाऱ्या लोकांकडून तो उचललेला आहे. हे खरं असेल तर चित्र असं दिसतं: उत्तरेकडून घोडे घेऊन माणसं आली, तिथल्या लोकांनी एक काडी दाखवली, तिचं त्यांच्या भाषेतलं नाव सांगितलं. पाहुण्यांनी नाव घेतलं, काडी घेतली, आणि ती कुटायला लागल्यावर आपल्या भाषेत तिला नवं नाव दिलं. नवं नाव देव झालं. जुनं नाव काडीपुरतं राहिलं.

आपल्याकडे सोमाचं पुढे आणखीच वेगळं झालं. तो चंद्र झाला. वनस्पतींचा राजा, कलेकलेने भरणारा आणि देव पितील तसा रिकामा होणारा. त्यातून सोमवार आला, सोमनाथ आला. इराणी होम कधी आकाशात चढला नाही. तिथे चंद्राला 'माह' हे वेगळं नाव होतं आणि ते पुरेसं होतं. तिथल्या होमाने जमिनीवरच दिवस काढले. बलुचिस्तानात आणि अफगाणिस्तानात एफेड्राची झुडपं जाळून त्यांची राख नसवारीत मिसळतात, म्हणजे आपल्याकडच्या मशेरीसारख्या त्या तंबाखूत. जरथुश्त्रासमोर पुरुषरूपाने उभा राहिलेला, विवस्वताला यम देणारा तो होम आता ट्रक ड्रायव्हरच्या ओठाखाली जातो, आणि ड्रायव्हरला त्याचं नाव विचारलं तर तो कदाचित बरोबर सांगेल.

आजोबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी दाखवलेली काडी मी जिभेला लावली तेव्हा ते हसले होते, "बस, बस. ते तुझ्यासाठी नाय." मग डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं आणि आतून कुणाला तरी हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला, फुदिना आणि गवती चहा घातलेला. फुदिना स्वयंपाकघरात खलात कुटल्याचा आवाज आला. आजोबांनी मान तिकडे वळवली आणि तो थांबेपर्यंत काही बोलले नाहीत.